थेंबमास्तर

तुळजापुरात फोटोला तोटा नाही. राजे शहाजी महाद्वाराकडं जाणाऱ्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना आईसाहेब उभ्याच: रथालंकारातल्या, मुरलीतल्या, शेषशाहीतल्या, भवानी तलवारीच्या, महिषासुरमर्दिनीच्या. सोनेरी फ्रेमा, काचेमागं लुकलुकणारे दिवे, आणि रंग असे की दहा पावलांवरून डोळे दिपावेत. भाविक घासाघीस करतो, फोटो काखोटीला मारतो आणि उदो उदो करत एसटी पकडतो. माझंही पोट याच रस्त्यावर भरतं. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, झेरॉक्स. फोटो फिका वाटला तर मी माउसनं एक दांडी उजवीकडं सरकवतो. चेहरा तरतरीत होतो, गिऱ्हाईक खूश होतं. त्या दांडीचं नाव कॉन्ट्रास्ट. ती सरकवायला मला दोन सेकंद लागतात, हेच मास्तरांच्या मते माझ्या अधोगतीचं मूळ आहे.

मास्तर म्हणजे जिल्हा परिषद शाळेतले चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांना नाव आहे, पण ते फक्त वीजबिलावर येतं. गावाच्या तोंडी थेंबमास्तर. मी त्यांचा विद्यार्थी. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांना ते स्थिरचित्र शिकवायचे तेव्हा टेबलावर मडकं, वांगं आणि घडी मोडलेला टॉवेल मांडलेला असायचा. पोरं मडक्याची एक बाजू काळी करायची, दुसरी कोरी सोडायची आणि मोकळी व्हायची. मास्तर कागद उन्हाकडं धरून विचारायचे, "ह्या मडक्यावर दुपार आहे, मध्यरात्र आहे. संध्याकाळ कुठं गेली?" संध्याकाळ सापडेपर्यंत डबा खायला सोडत नसत. त्यांच्या वर्गातली निम्मी पोरं कलेपासून कायमची लांब गेली ती भुकेनं.

निवृत्तीनंतर आमच्याकडची माणसं तीन वाटांनी जातात: प्लॉटची दलाली, सोसायटीचं राजकारण नाहीतर हरिपाठ. मास्तर चौथ्याच वाटेनं गेले. पुण्याला मुलाकडं राहायला गेले असताना कुणाच्या तरी दिवाणखान्यात त्यांनी प्लॅटिनमचा फोटो पाहिला. आपण धुऊन आणायचो ते कृष्णधवल फोटो कागदावरच्या जिलेटिनच्या थरात बसलेले असतात, चांदीचे. हा थरात नसतो, कागदाच्या तंतूंतच मुरलेला असतो. चकाकी नाही, साय नाही, कणाकणानं धातू. आणि धातू असा की हवेला, पाण्याला, वयाला जुमानत नाही. कागद टिकेल तोवर फोटो टिकतो. पण मास्तरांना वेड लागलं ते टिकाऊपणाचं नव्हे. त्या फोटोत काळ्याकडून पांढऱ्याकडं जाताना मध्ये इतके करडे होते की नोकरीभर हरवलेल्या सगळ्या संध्याकाळी त्यांना एकाच भिंतीवर सापडल्या. चार दिवसांसाठी गेले होते, दुसऱ्याच दिवशी परतले. सुनेला वाटलं, भाजीत काही कमी पडलं.

मग सोलापूरच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून लाकडी हाफ प्लेट कॅमेरा आला. या पद्धतीत फोटो मोठा करायची सोय नाही. निगेटिव्ह केवढी, फोटो तेवढाच. दोन्ही एकमेकांना घट्ट दाबून उन्हात ठेवायचे. त्या मापाची फिल्म महाग, म्हणून मास्तर दवाखान्यातली एक्स-रेची फिल्म आणतात आणि बेतून कापतात. औषधवाल्यानं एकदा काळजीनं विचारलं, "मास्तर, घरात कुणाचं हाड मोडलंय का?" मास्तर म्हणाले, "अजून नाही." ही फिल्म लाल दिव्यात बिनधास्त हाताळता येते, कारण तिला लाल रंग दिसतच नाही. हा तिचा मोठा गुण, असं मास्तर सगळ्यांना सांगत.

आता थेंबांकडं यायला हवं, कारण मास्तर झोपेतही तिथंच असतात. चांदीचा फोटोकागद बाजारात नंबरावर मिळायचा: दोन नंबर, तीन नंबर, चार नंबर. निगेटिव्ह मऊ निघाली की कडक कागद, कडक निघाली की मऊ. प्लॅटिनमचा कागद घरीच करायचा, त्यामुळं त्याचा नंबरही घरीच ठरवायचा. जाड सुती कागद घ्यायचा, पिवळ्या बल्बच्या मंद उजेडात त्यावर काचेच्या दांडीनं द्राव पसरायचा. द्राव तीन बाटल्यांतला. पहिलीत फेरिक ऑक्झलेट. दुसरीतही तेच, पण त्यात किंचित पोटॅशियम क्लोरेट. काडेपेटीच्या काडीच्या टोकाला असतं ते. तिसरीत धातूचा क्षार, प्लॅटिनमचा, पॅलेडियमचा किंवा दोन्हींची मिसळ. हाफ प्लेटला साधारण वीस थेंब लागतात: दहा लोखंडाचे, दहा धातूचे. लोखंडाच्या त्या दहांत पहिल्या बाटलीचे किती आणि दुसरीचे किती, या एका प्रश्नावर मास्तरांचं उत्तरायुष्य उभं आहे.

सगळे दहा पहिलीतले घेतले तर चित्र मऊ येतं. आभाळ, भिंत, धोतर सगळं एकमेकांशी गुण्यागोविंदानं नांदतं. दुसरीतले वाढवत नेले की क्लोरेट उजळ भागांना आवरतं. तिथं थोडाच प्रकाश पोचलेला असतो, आणि तेवढ्या प्रकाशानं केलेलं काम क्लोरेट मोडून टाकतं. पांढरं स्वच्छ राहतं, चित्र कडक होतं. पण हात सैल सुटला तर गाल रवाळ होतात, आणि रवाळ गाल मास्तरांना रवाळ स्वभावापेक्षा जास्त खटकतात. त्यामुळं चहाच्या टपरीवर बसले तरी तोंडात "आठ-दोन की सात-तीन?" हेच. टपरीवर अशा बोलण्याचा दुसराच अर्थ निघतो. पेपर वाचायच्या निमित्तानं तिथं बसणाऱ्यांपैकी एकानं मास्तरांचा सात-तीन ऐकून तो आकडा लावलाही. लागला नाही. त्यानं येऊन जाब विचारला तेव्हा मास्तर गंभीरपणे म्हणाले, "बरोबरच आहे. काल हवा कोरडी होती. आठ-दोनच पाहिजे होते."

हे पंथाचं प्रकरण आहे, हे मला उशिरा कळलं. क्लोरेटवाल्यांचा एक पंथ आणि 'ना-टू'वाल्यांचा दुसरा. ना-टू म्हणजे सोडियम क्लोरोप्लॅटिनेट. निव्वळ पॅलेडियमच्या द्रावात याचा एखादा थेंब टाकायचा. थेंब एकच, पण तो किती तीव्र घ्यायचा ते बाटल्यांवर लिहिलेलं: सव्वा टक्का, अडीच, पाच, दहा, वीस. रवा येत नाही, पांढरं लख्ख निघतं. फक्त ऊन थोडं जास्त दाखवावं लागतं. पुण्याचे एक निवृत्त इंजिनिअर या पंथाचे, आणि मास्तरांचे फोनमित्र. त्यांचं संभाषण मी दुकानात बसून ऐकलेलं आहे.

"अहो मास्तर, टाका तो क्लोरेट गटारात. एक थेंब ना-टू, विषय संपला."

"विषय संपवायचाच असता तर मी तुमच्यासारखा मोबाइल घेतला नसता का?"

"पण रवा येतो ना!"

"येऊ द्या. तुमच्या ना-टूला प्लॅटिनम चालत नाही. सगळं पॅलेडियमच. म्हणजे रंग कायम तपकिरी. माझ्या काळ्याला थंडावा लागतो."

"मग डेव्हलपरमध्ये डायक्रोमेट टाका."

इथं मास्तर फोन कानापासून लांब धरतात. डेव्हलपरमध्ये पोटॅशियम डायक्रोमेट मिसळूनही कॉन्ट्रास्ट वाढतो, जुने लोक तसं करायचे, पण ते जहाल विष. आणि त्याहून मोठं कारण असं की मास्तरांच्या डेव्हलपरला कुणी हात लावायचा नाही. पोटॅशियम ऑक्झलेटचा तो द्राव वापरून फेकत नाहीत. कमी झाला की वरून नवा ओततात, खाली गाळ बसला की गाळतात, आणि तो जुना होईल तसा चांगला होतो अशी या लोकांची श्रद्धा आहे. मास्तरांचा डेव्हलपर कुलपातल्या कपाटात असतो, वर लाल शाईनं 'विष' लिहिलेलं, खाली कवटी. कवटीला उत्तम शेडिंग केलेलं आहे. काकू म्हणतात, "आमच्या लग्नाचा शालू पेटीत कसर खायलालाय, त्येला कुलूप न्हाई. ह्या पाण्याला कुलूप!"

एकदा मात्र पंथाचा निकाल लावायला मास्तर थेट देवळात गेले. आवारात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडं वळला तर होकार, डावीकडं वळला तर नकार, जागेवर राहिला तर काम होईल पण उशिरानं. लोक लग्न, नोकरी, कोर्टातली तारीख विचारतात. मास्तरांनी मनात धरलं: क्लोरेटचा एक थेंब वाढवू का? चिंतामणी हलला नाही. मास्तरांच्या मागं बैलाच्या खरेदीचा प्रश्न घेऊन उभा असलेला माणूस वैतागून म्हणाला, "काय विचारलाव ओ एवढं अवघड?" मास्तरांनी सांगितलं. त्या माणसानं बैल न घेताच गाव गाठलं म्हणतात. मास्तरांनी मात्र उशिरानं होणार याचा अर्थ 'आधी अर्धा थेंब वाढव' असा लावला.

बाकी गोष्टींत ते पक्के दैववादी. पाऊस आला नाही, आईची इच्छा. पेन्शन अडकली, आईची इच्छा. मुलानं पुण्यात फ्लॅट घेतला आणि त्यांच्या खोलीऐवजी टीव्हीची खोली केली, तीही आईचीच इच्छा. फक्त बाटलीपाशी आलं की आईला बाहेर थांबावं लागतं. तिथं आर्द्रतामापक आहे, तापमापक आहे, घड्याळ आहे. कागद फार कोरडा असेल तर द्राव नीट बसत नाही, म्हणून बालाघाटच्या उन्हाळ्यात ते आधी कागद मोरीत टांगून ओलसर करतात. त्या वेळी मोरीत कुणी जायचं नाही. पावसाळ्यात उलट, कागद दमट आणि ऊन बेभरवशाचं. देवी वर्षातून तीनदा मंचकी निद्रा घेते. मास्तर तेवढीही घेत नाहीत. मे महिन्यात सकाळचं कोवळं ऊन गाठायला पहाटेच माळवदावर चढतात आणि शेजारच्यांची वाळवणं मोजून हटवतात.

फोटो उमटतो तो क्षण मात्र बघण्यासारखा, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. चांदीचा फोटो ट्रेमध्ये हळूहळू वर येतो. हा येत नाही, प्रकटतो. उन्हातून आणलेल्या कागदावर नुसती फिकट छटा असते. त्यावर कोमट डेव्हलपर ओतला की पापणी लवायच्या आत पूर्ण चित्र हजर. मास्तर दर वेळी "आई राजा!" म्हणून ओरडतात आणि काकू दर वेळी स्वयंपाकघरातून "काय सांडलं?" म्हणून विचारतात. पण ओला असताना फोटो सोळा आणे दिसतो आणि वाळला की बारा. काळं जरा बसतं, उजळाची चमक उतरते. त्यामुळं मास्तर रात्री जग जिंकून झोपतात आणि सकाळी दोरीवर वाळत घातलेल्या कागदासमोर दात घासत उभे राहतात. त्यांचं थोबाड पाहून सांगता येतं, काल सात-तीन होतं की आठ-दोन.

काकूंचं दुःख पाण्याचं आहे. फोटो उमटल्यावर कागदात उरलेलं लोखंड धुऊन काढावं लागतं, नाहीतर पांढरं पिवळं पडतं. तीन वेळा औषधाच्या पाण्यात, मग अर्धा तास साध्या पाण्यात. नळ आल्यावर आमच्या गावात माणसं कामधंदा सोडून घरी येतात, आणि इथं फोटोतला हाफ प्लेटभर म्हातारा बैल अर्धा तास आंघोळ करतोय. काकूंनी एकदा सरळ विचारलं, हे असलं खूळ आणखी कुणाला लागलेलं आहे का? तो प्रश्न करून त्यांनी चूक केली. मास्तरांनी विल्यम विलिसपासून सुरुवात केली. 1873 साली इंग्लंडमध्ये त्यानं या पद्धतीचं पेटंट घेतलं, पुढं तयार कागद विकायला कंपनी काढली. 1890च्या दशकात लंडनच्या 'लिंक्ड रिंग' मंडळातल्या नामांकितांना याच कागदाचं वेड, आणि त्या मंडळात आपल्या मुंबईचे शापूर भेदवार होते, म्हणजे हे आपलंच. मग पहिलं महायुद्ध. दारूगोळ्याच्या कारखान्यांना प्लॅटिनम लागायला लागलं, भाव कडाडले, तेव्हा स्वस्त म्हणून पॅलेडियमचा कागद आला. फ्रेडरिक इव्हान्स नावाचा एक लंडनचा पुस्तकविक्या होता, चर्चच्या जिन्यांचे असे फोटो काढायचा की बघत राहावं. प्लॅटिनमचा कागद मिळेना झाल्यावर त्यानं फोटो काढणंच सोडून दिलं. दुसऱ्या कागदाला हात लावला नाही. "माणूस असा पाहिजे," मास्तर भारावून म्हणाले.

काकू म्हणाल्या, "त्यांनी सोडलं की! तुमी कवा सोडायलालाव?"

यावर मास्तरांनी शेवटचं अस्त्र काढलं. एडवर्ड स्टायकेनचा 1904 सालचा तळ्याच्या चांदण्याचा फोटो. प्लॅटिनमचा, वरून हातानं रंगाचे थर दिलेला. 2006 साली न्यूयॉर्कमध्ये लिलाव झाला, 29 लाख डॉलरच्या वर गेला. त्या वेळचे 13 कोटी रुपयांच्या आसपास. काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तळ्यात पानी तरी व्हतं."

पैशाचं गणित मास्तरांच्या हिशोबात बसतच नाही. सुरुवातीला ते गावातल्या सराफाकडं प्लॅटिनमचा भाव विचारायला गेले. सराफानं खुर्ची दिली, चहा सांगितला, अंगठ्यांचा ट्रे काढला. नातीचं लग्न असेल असं त्याला वाटलं. मास्तर म्हणाले, "दागिना नको. विरघळवायचंय." सराफानं चहा रद्द केला. स्वस्त म्हणून धरलेलं पॅलेडियम 2017च्या शेवटी प्लॅटिनमच्याही वर गेलं, मोटारींच्या धुरांड्यांत त्याला मागणी वाढल्यामुळं, तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक पेट्रोलच्या गाडीकडं मास्तर असं बघायचे जशी ती त्यांच्याच बाटलीतून पिऊन चालली आहे. पुढं काही वर्षांनी भाव उतरला. गाड्यांशी त्यांनी अजून समझोता केलेला नाही.

एवढं करून तयार झालेला फोटो पहिल्यांदा फ्रेमवाल्याकडं नेला, तर तो म्हणाला, "मास्तर, जुना दिसतोय. उडालाय पार." त्याचंही चुकलं नाही. चकचकीत कागदाचं काळं जेवढं खोल जातं तेवढं हे जात नाही. काळं म्हणजे गडद कोळशाचं, पांढरं म्हणजे दुधाळ. सोनेरी फ्रेमेत, शेजारी लुकलुकणारे दिवे असताना तो बिचारा आजारी दिसतो. मास्तरांनी त्याला समजावलं की हा उडणं शक्यच नाही, उलट हा ज्या कागदाला टेकून वर्षानुवर्षं राहील त्या कागदावरही याची पिवळसर सावली उमटते, प्लॅटिनमचा तसा परिणामच होतो. शेजारचा कुंकवाचा दुकानदार हे ऐकत होता. तो हात जोडून म्हणाला, "म्हणजे कागदाच्या अंगात येतंय." तेव्हापासून फ्रेमवाला मास्तरांचे फोटो देवीच्या फोटोंपासून लांब, वेगळ्या खणात ठेवतो.

स्थळासाठी मुलीचा फोटो काढायला एक बाई मास्तरांकडं गेल्या होत्या, कारण मी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं होतं. "जरा उजळ येऊ द्या," एवढंच त्या म्हणाल्या. मास्तरांनी त्यांना एकवीस पायऱ्यांची पट्टी दाखवली. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत चढत्या छटांचा तो फिल्मचा तुकडा. त्याचा फोटो काढून कुठली पायरी कुठं विरघळली यावरून कॉन्ट्रास्ट मोजतात. आईच्या दर्शनाला पायऱ्या उतरत जावं लागतं, उजेडातून आत गाभाऱ्याकडं, तसं चित्र पायरी पायरीनं उतरलं पाहिजे, मध्ये उडी नको, असं ते नेहमी सांगतात. "तुमची मुलगी नवव्या पायरीवर आहे," ते म्हणाले, "आणि सुंदर आहे. मी तिला सातवीवर ढकलणार नाही." बाई उठून गेल्या. मुलगी मात्र पट्टी परत परत बघत होती, असं काकू सांगतात. नवव्या पायरीवर कुणी तिला इतक्या आदरानं बसवलं नसावं.

आता त्या आराधिणीची गोष्ट. मास्तरांच्या ओसरीवर ती नवरात्राच्या आधी जोगव्याला आली. म्हातारी, उन्हानं रापलेली, गळ्यात एकावर एक कवड्यांच्या माळा, अंगावर गडद इरकली लुगडं, हातात परडी, कपाळभर मळवट. काकूंनी परडीत पीठ-मीठ घातलं. मास्तर तिच्याकडं असे बघत राहिले की काकूंना पदर सावरावासा वाटला. पण मास्तर बघत होते ते पांढऱ्या कवड्या आणि काळी कातडी. प्लॅटिनमला पाहिजे तेवढी लांबलचक पट्टी एकाच माणसात उभी. तिला खुर्चीवर बसवलं, कॅमेऱ्यावर काळं फडकं घेतलं आणि हलू नका म्हणून सांगितलं. ती हलली नाही. मास्तर फडक्याबाहेर आले तरी हलली नाही. उठा म्हणायचं राहून गेलं होतं.

निगेटिव्ह अशी निघाली की मास्तरांनी ती पुण्याच्या इंजिनिअरांना फोनवरून वर्णन करून सांगितली. आणि मग घोळ सुरू झाला. दहा-शून्यात कवड्यांवरची प्रत्येक रेघ आली, पण चेहरा मरगळला. आठ-दोनात चेहरा जागा झाला, कवड्यांचे पांढरे ठिपके झाले. नऊ-एकात दोघंही थोडे थोडे नाराज. मग साडेनऊ-अर्धा. आता अर्धा थेंब पाडायचा कसा? ड्रॉपर काही मास्तरांचा विद्यार्थी नव्हता. त्यांनी दुसऱ्या बाटलीतला द्राव पहिलीतल्या द्रावानं निम्म्यावर आणला आणि त्याचा एक थेंब घेतला. त्या दिवशी ते टपरीवर आले ते असे, जसं काही अणू फोडूनच आले आहेत. नवरात्र आलं, गेलं. गावात पाय ठेवायला जागा नव्हती आणि मास्तर माळवदावर होते. सीमोल्लंघनाच्या दिवशी तेवढे खाली उतरले, तेही कागद संपला म्हणून.

कोजागरीला सोलापूरकडून अनवाणी चालत येणाऱ्यांच्या लोंढ्यात ती म्हातारी परत आली. मास्तरांनी बाज ओसरीवर ओढली, तिच्यावर पांढरी चादर घातली आणि ओळीनं सगळे फोटो मांडले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं थेंबांचे आकडे. काकू आल्या, फ्रेमवाला आला, कुंकवाचा दुकानदार आला, मी होतोच. मास्तर हात मागं बांधून म्हणाले, "बाई, ह्यातला कुठला घेता? निवांत बघा. फरक बारीक आहे."

म्हातारीनं एकदा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"समदे सारकेच हायती की."

मास्तरांनी आवंढा गिळला. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. एक फोटो उचलून तिनं डोळ्यांजवळ नेला, कपाळावर बोट ठेवलं, आणि तिचा आवाज चढला.

"मास्तर, माज्या कपाळाला काळं कामून फासलाव?"

बाजेवरच्या प्रत्येक फोटोत मळवट कुळकुळीत काळा होता. आम्ही सगळे पुढं वाकलो. इतके दिवस आम्ही कवड्या बघत होतो. मास्तरांनी तर कपाळ बघितलंच नसावं. ते कवड्यांपासून गालांपर्यंत एवढ्याच मुलखात राहत होते. त्यांनी समजावायला सुरुवात केली. ही फिल्म एक्स-रेची. हिला लाल दिसत नाही. न दिसलेलं सगळं कागदावर काळं येतं. त्यात दोष कुणाचा नाही.

"तुमच्या फिलमला दिसत न्हाई म्हून आईचं कुकू काळं व्हतंय व्हय?"

यावर आठ-दोनात उत्तर नव्हतं, सात-तीनात नव्हतं, ना-टूतही नव्हतं. क्लोरेट ओंजळीनं ओतलं असतं तरी काळ्याचं लाल झालं नसतं. मी माझ्या आयुष्यात मास्तरांना पहिल्यांदाच आकडा न सांगता उभं राहिलेलं पाहिलं. फ्रेमवाला हळूच म्हणाला, लाल दिवा बसवून देतो, मागून पेटेल. त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

तेव्हा काकू म्हणाल्या, "त्या 13 कोटीच्या तळ्याला हातानं रंग दिलता म्हणं न्हवं?"

मास्तरांनी काकूंकडं पाहिलं. लग्नाला झालेल्या एवढ्या वर्षांत त्यांचं व्याख्यान कुणी ऐकत होतं, याचा त्यांना धक्का बसला असावा. मग घाईघाईनं आत गेले, शून्य नंबरचा ब्रश घेऊन आले, कुंकवाच्या दुकानदाराला म्हणाले, "चिमूटभर द्या." बशीत कुंकू घेतलं, ड्रॉपरनं पाण्याचा एक थेंब टाकला. थांबले. दुसरा टाकला. साडेनऊ-अर्धा असं लिहिलेल्या फोटोवर म्हातारीच्या कपाळावरून बारीक हात फिरवला. काळ्यावर लाल चढलं, आणि चांगलं दिसलं. म्हातारीनं हात पुढं केला. मास्तरांनी फोटो मागं घेतला.

"थांबा," ते म्हणाले. "ओलं आहे. वाळल्यावर उतरेल."

वाळल्यावर खरंच उतरलं. म्हातारी पौर्णिमेचं दर्शन करून गेली, शाकंभरी नवरात्राला येते म्हणाली. येऊनही गेली. मास्तरांनी तिला पुढच्या चैत्रीचा वायदा दिलेला आहे. काकूंनी मधल्या मध्ये तिला एक काळ्या कपाळाचा फोटो देऊ केला होता. तिनं तो घेतला नाही, परडी मात्र दोनदा भरून घेतली.

परवा कुंकवाचा दुकानदार माझ्याकडं झेरॉक्सला आला होता. इकडंतिकडं बघून म्हणाला, "मास्तर रोज चिमूटभर न्यायलालेत. पैशाचं काई न्हाई. पण रोज येऊन म्हणायलालेत, कालचं जरा कडक होतं, आज मऊ द्या. आता तुमी शिकलेले, तुमीच सांगा. कुंकू कडक कसं असतंय हो?"